माशातले ओमेगा-३ मुळात येते कुठून? एका थेंब तेलाचा शंभर वर्षांचा इतिहास

"डॉक्टर, आम्ही शुद्ध शाकाहारी. मग आम्हाला ओमेगा-३ कुठून मिळणार?" आणि "डॉक्टर, आम्ही आगरी-कोळी माणसं, ताटात मासा रोजचाच. मग ही कॅप्सूल कशाला?" हे दोन प्रश्न नवी मुंबईतल्या कोणत्याही डॉक्टरला आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागतात. प्रश्न वेगळे वाटले तरी दोन्हींच्या मागे एकच समजूत असते: ओमेगा-३ हे माशाचे तेल आहे, म्हणजे ते मासा तयार करतो.

ही समजूत अर्धीच खरी आहे. समुद्रातले मासे हे तेल साठवतात, पण स्वतः फारच थोडे बनवतात. ते बनते डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय जिवांत. त्या जिवाला काय खायला मिळाले, किती ऊन मिळाले, पाणी किती थंड होते, यावर त्याच्या पेशीतली चरबी कशी असेल हे ठरते. ती चरबी एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जात शेवटी आपल्या ताटात येते. माणसाला हे समजायला साधारण शंभर वर्षे लागली. ही गोष्ट समजली की वरच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. चला, सुरुवातीपासून पाहू.

आधी एक ओळखीचे उदाहरण

हिवाळ्यात नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर आणि ठाण्याच्या खाडीत येणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, तुम्ही पाहिले असतील. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हे पक्षी गुलाबी असतात, पण त्यांची पिल्ले मात्र राखाडी असतात. हा गुलाबी रंग पक्षी स्वतः बनवत नाही. खाडीतली सूक्ष्म शेवाळे आणि ती खाणारे बारीक जीव यांच्यात कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्ये असतात. ती पोटात गेली की पिसांत उतरतात. खाणे बदलले तर रंगही फिका पडतो.

ओमेगा-३ चेही बरेचसे असेच आहे. फरक एवढाच, की रंग डोळ्यांना दिसतो आणि चरबी दिसत नाही. म्हणून ती समजायला उशीर लागला.

तारलीचे तेल आणि मलबारचा किनारा

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा सर्वांत तेलकट मासा म्हणजे तारली. रत्नागिरी-मालवणपासून खाली केरळपर्यंत ती मिळते. पूर्वी तिचे तेल काढून होड्यांच्या लाकडाला लावत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रास इलाख्यात सर फ्रेडरिक निकल्सन यांनी मत्स्यव्यवसायाचे सरकारी काम सुरू केले आणि मलबार किनाऱ्यावर तारलीचे तेल व खत काढणारे कारखाने उभे राहिले.

कारखानदारांची एक अडचण होती. तोच मासा, तोच किनारा, पण एका महिन्यात भरपूर तेल निघे आणि दुसऱ्या महिन्यात मासा अगदी कोरडा लागे. असे का? मद्रासच्या मत्स्य विभागातले जेम्स हॉर्नेल आणि त्यांचे सहकारी रामस्वामी नायडू यांनी तारलीचे पोट उघडून पाहायला सुरुवात केली. १९२० च्या दशकात त्यांनी तारलीच्या जीवनक्रमावर आणि मलबारच्या प्लवकांवर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. प्लवक म्हणजे समुद्राच्या प्रवाहाबरोबर तरंगणारे सूक्ष्म जीव. तारलीच्या पोटात मुख्यतः तेच सापडले, आणि त्यांत मोठा वाटा डायाटमचा होता. डायाटम म्हणजे काचेसारख्या कवचात राहणारी एकपेशीय शेवाळे. पावसाळ्यात खोलवरचे, खताने भरलेले पाणी वर येते, डायाटम भराभर वाढतात, तारली ते खाते आणि अंगावर तेल धरते.

पुढे १९४० च्या दशकात तारलीचा मासेमारी हंगाम अनेक वर्षे जवळजवळ बुडाला. मासा परतल्यावर आर. व्ही. नायर आणि आर. सुब्रह्मण्यन या संशोधकांनी १९५५ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडले, की फ्रॅजिलारिया ओशियानिका नावाचा एक डायाटम ज्या वर्षी भरपूर, त्या वर्षी तारलीही भरपूर. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पेशीवर हजारो कुटुंबांची चूल अवलंबून होती.

कॉड लिव्हर ऑइलचे कोडे

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डॉक्टरांना वेगळा प्रश्न पडला होता. कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजले की मुलांची हाडे सुधारतात, डोळे सुधारतात, हे अनुभवाने माहीत होते. त्यातल्या एका गुणाला 'अ' जीवनसत्त्व असे नाव मिळाले. पण हे जीवनसत्त्व कॉडच्या यकृतात आले कुठून?

१९२२ मध्ये जेमसन, ड्रमंड आणि कॉवर्ड या तिघांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी निट्शिया नावाचा समुद्री डायाटम प्रयोगशाळेत वाढवला आणि तो उंदरांना खाऊ घातला. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने वाढ खुंटलेले उंदीर पुन्हा वाढू लागले. म्हणजे यकृतातल्या त्या औषधाचे मूळ सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या एका पेशीत होते. या पेशी खरे तर कॅरोटीन बनवतात आणि प्राण्याच्या शरीरात त्याचे 'अ' जीवनसत्त्व होते, हे १९३० च्या सुमारास टॉमस मूर यांनी दाखवले.

आपल्याकडेही या तेलाचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात कॉड लिव्हर ऑइलची आयात अडली, तेव्हा मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृतापासून तेल काढण्याचे सरकारी कारखाने कालिकत, त्रावणकोर आणि मुंबईत सुरू झाले. तेलाची ती बाटली उघडली की येणारा वास तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना कदाचित अजून आठवत असेल.

'चरबी म्हणजे नुसती ऊर्जा' ही समजूत मोडली

तोवर वैद्यकशास्त्रात चरबीला फारसा मान नव्हता. ती शरीराचे जळण, एवढेच मानले जाई. १९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने उंदरांना चरबी पूर्ण काढलेला आहार दिला. उंदरांची कातडी खवलेदार झाली, वाढ थांबली, मूत्रपिंडे बिघडली आणि शेवटी ते मेले. थोडेसे योग्य तेल देताच ते सावरले. काही स्निग्धाम्ले शरीर बनवू शकत नाही, ती अन्नातूनच घ्यावी लागतात, हे यातून कळले. म्हणून त्यांना 'आवश्यक' स्निग्धाम्ले म्हणतात.

पेशीला ती कशाला लागतात? स्वयंपाकघरातलेच उदाहरण घ्या. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजते, पण जवसाचे तेल पातळच राहते. खोबरेल तेलातली स्निग्धाम्ले सरळ काड्यांसारखी असतात, ती एकमेकांना घट्ट चिकटतात. जवसाच्या तेलातली वाकडी असतात, त्यांना नीट रचताच येत नाही. प्रत्येक पेशीभोवतीचा पडदा चरबीचा असतो आणि तो थिजून चालत नाही. थंड पाण्यात राहणाऱ्या पेशी म्हणून अशी वाकडी स्निग्धाम्ले जास्त ठेवतात. ओमेगा-३ मधली ईपीए आणि डीएचए ही स्निग्धाम्ले सर्वांत जास्त वाकलेल्यांपैकी. आपल्या मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींत डीएचए भरपूर असते, ते यामुळेच.

पेशीला उपाशी ठेवले तर?

१९४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेत स्पोअर आणि मिल्नर यांनी क्लोरेला या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय शेवाळावर काम केले. त्यांनी पेशींचे 'जेवण' बदलत नेले. नायट्रोजन भरपूर दिले, तेव्हा पेशीत प्रथिने जास्त आणि चरबी अगदी कमी, जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. नायट्रोजन तोडले आणि प्रकाश चालू ठेवला, तेव्हा त्याच जातीच्या पेशीत कोरड्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त चरबी साठली.

कारण सोपे आहे. नायट्रोजन नाही म्हणून प्रथिने बनत नाहीत, पेशीची विभागणी थांबते, पण प्रकाशातून ऊर्जा येतच राहते. मग ती चरबीच्या रूपाने साठवावी लागते. काम नाही पण खाणे चालू, असा प्रकार. माणसाच्या पोटाभोवती काय होते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको!

मात्र इथे एक बारकावा आहे. उपाशी पेशीत *साठ्याची* चरबी वाढते. ईपीए आणि डीएचए अनेक जातींत मुख्यतः पेशीच्या *पडद्यात* असतात. त्यामुळे चरबी जास्त म्हणजे ओमेगा-३ जास्त, असे समीकरण नसते. हा धडा बाटलीवरचे लेबल वाचताना उपयोगी पडतो. तो पुढे पाहू.

ग्रीनलंडची सफर

१९७० मध्ये बँग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश डॉक्टर ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर गेले. तिथले इनुइट लोक सील, देवमासा आणि मासे खाऊन जगत. इतकी चरबी खाऊनही त्यांना हृदयविकार कमी होतो, अशी तेव्हा समजूत होती. डॉक्टरांनी त्यांच्या रक्ताचे नमुने तपासले आणि त्यांत ईपीए भरपूर आढळले. १९७८ मध्ये त्यांनी मांडले, की ईपीएमुळे रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती कमी होत असावी. तिथून माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचे युग सुरू झाले.

पण लक्षात घ्या: इनुइट लोकांना हृदयविकार किती होतो, हे या दोघांनी स्वतः मोजले नव्हते. ते जुन्या सरकारी नोंदींवर अवलंबून होते आणि दुर्गम भागातल्या त्या नोंदी अपुऱ्या होत्या, असा आक्षेप पुढे घेतला गेला. रक्तातले ईपीए मात्र खरे होते. सीलने मासा खाल्ला, माशाने कोळंबीसारखे बारीक जीव खाल्ले, त्यांनी डायाटम खाल्ले. ग्रीनलंडच्या माणसाच्या रक्तात डायाटमची सही उमटली होती.

खाणाराही एकपेशीय असतो तेव्हा

आतापर्यंत आपण शेवाळाबद्दल बोललो, जे उन्हावर जगते. पण समुद्रात असेही एकपेशीय जीव आहेत जे शिकार करतात, दुसऱ्या पेशीला गिळतात. त्यांच्या चरबीचे काय?

१९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या टेक्सेल बेटावरच्या सागर संशोधन संस्थेत क्लाइन ब्रेटेलर आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर शोधले. ड्युनालिएला नावाचे एक शेवाळ आहे. त्यात ईपीए-डीएचए जवळजवळ नसते. कोपेपॉड, म्हणजे माशांचे आवडते अन्न असलेले कवचधारी बारीक जीव, यांना फक्त हे शेवाळ दिले तर त्यांची वाढ नीट होत नाही. मग संशोधकांनी मध्ये एक पायरी घातली. ड्युनालिएला आधी ऑक्सिरिस मरीना या एकपेशीय शिकाऱ्याला खाऊ घातले, आणि तो शिकारी कोपेपॉडला दिला. आता कोपेपॉड छान वाढले! तपासल्यावर ऑक्सिरिसच्या पेशीत ईपीए आणि डीएचए दोन्ही सापडले.

साध्या शब्दांत सांगायचे तर, एका पेशीने निकृष्ट अन्नाचे सकस अन्न केले. पुढच्या प्रयोगांत हेही दिसले, की प्रत्येक जातीला हे सारखे जमत नाही आणि भक्ष्याची छाप शिकाऱ्याच्या चरबीवर राहतेच. खाणे आणि खाणाऱ्याची स्वतःची यंत्रणा, दोन्ही मिळून चरबी ठरते.

आपल्या शरीरातही हे दोन्ही आहे, पण आपली यंत्रणा फार कमजोर. जवस आणि अक्रोड यांतले ओमेगा-३ (त्याला एएलए म्हणतात) घेऊन त्यापासून ईपीए आपण थोडेसेच बनवतो, आणि डीएचए तर अगदी नाममात्र.

शाकाहारी डीएचए कसे जन्मले

इथे शाकाहारी वाचकांनी नीट लक्ष द्यावे. क्रिप्थेकोडिनियम कोहनी या नावाचा एक एकपेशीय समुद्री जीव आहे. त्याच्यात हरितद्रव्य नाही, तो उन्हावर जगत नाही, त्याला आयते अन्न लागते. १९६८ मध्ये हॅरिंग्टन आणि होल्झ यांनी त्याच्या चरबीचे पृथक्करण केले, तेव्हा त्यात डीएचए मोठ्या प्रमाणात सापडले.

१९८५ मध्ये अमेरिकेत मार्टेक ही कंपनी सुरू झाली. तिने हाच जीव मोठमोठ्या बंद टाक्यांत वाढवला. त्याला खायला दिले काय? ग्लुकोज, म्हणजे साखर! साखर खाऊन हा जीव डीएचएचे तेल बनवतो. २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हे तेल बाळांच्या दुधाच्या पावडरीत वापरायला हरकत घेतली नाही. आज गरोदरपणात मिळणाऱ्या ज्या डीएचए गोळ्यांवर 'शेवाळजन्य' असे लिहिलेले असते आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह असते, त्यांचे मूळ अशाच एकपेशीय जिवांत आहे. त्यात मासा कुठेही नाही. मासा हा मधला दलाल होता, तो वगळला इतकेच.

आपल्या समुद्रात आज काय चालले आहे

हा इतिहास अजून संपलेला नाही. अलीकडच्या काही वर्षांत मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यांवर रात्री लाटा निळ्या चमकतात, त्याचे फोटो तुमच्या मोबाइलवरही आले असतील. ही बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय जिवाची करामत असते. हा जीव डायाटमसह जे मिळेल ते गिळतो, आणि अरबी समुद्रातल्या त्याच्या हिरव्या प्रकारात तर पेशीच्या आत हिरवे शेवाळ भाडेकरू म्हणून राहते व त्याला अन्न पुरवते.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पूर्वी काम केलेले जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स तसेच त्याच संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये मांडले, की अरबी समुद्रात हिवाळ्यात जिथे पूर्वी डायाटमचा बहर येई, तिथे आता नॉक्टिल्युकाचा येतो. त्यांच्या मते कमी होत चाललेला प्राणवायू हे त्याचे कारण आहे. इतर काही संशोधकांना सिलिकेटची कमतरता जास्त महत्त्वाची वाटते. कारण काहीही असो, चिंता एकच आहे. डायाटम खाणारे जीव खूप, नॉक्टिल्युका खाणारे थोडे, आणि त्यांत जेलीसारख्या प्राण्यांचा भरणा. पायाची पेशी बदलली, तर वरच्या माशाचे खाणे बदलणार, आणि त्याबरोबर कोळ्याची कमाई आणि आपले ताटही.

मग तुम्ही काय करायचे?

१. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा तेलकट मासा पुरेसा आहे. तारली आणि बांगडा स्वस्त असतात आणि ओमेगा-३ च्या बाबतीत महागड्या माशांना हार जात नाहीत. बुडवून तळण्यापेक्षा कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजलेला बरा. गरोदर स्त्रियांनी मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, कारण त्यांत पारा साठतो. इथेही नियम तोच: जो जे खातो, ते त्याच्यात साठते.

२. शाकाहारी असाल तर अपराधी वाटून घेऊ नका. जवसाची चटणी, अक्रोड, मोहरीचे तेल आहारात ठेवा. गरोदरपणात किंवा स्तनपानाच्या काळात डीएचए हवे का, हे डॉक्टरांना विचारा. हवे असेल तर शेवाळजन्य गोळी मिळते.

३. 'हृदयासाठी' म्हणून स्वतःच्या मनाने कॅप्सूल सुरू करू नका. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. एक साडेपंधरा हजार मधुमेही लोकांवर, दुसरी सुमारे छब्बीस हजार सर्वसाधारण लोकांवर. रोज १ ग्रॅमच्या कॅप्सूलने मुख्य हृदयविकार व पक्षाघात यांत ठोस फायदा दिसला नाही. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या निवडक रुग्णांत शुद्ध ईपीए रोज ४ ग्रॅम दिल्याने फायदा दिसला, पण तो औषधी डोस आहे, आणि ईपीए-डीएचए मिश्रणाच्या तशाच डोसने २०२० च्या चाचणीत तो दिसला नाही. जास्त डोसने हृदयाची लय बिघडण्याचा (एट्रियल फिब्रिलेशनचा) धोका थोडा वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

४. लेबल वाचा. 'माशाचे तेल १००० मिलिग्रॅम' म्हणजे ओमेगा-३ १००० मिलिग्रॅम नव्हे. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून बहुतेकदा ३०० मिलिग्रॅमच असते. चरबी जास्त म्हणजे ओमेगा-३ जास्त नाही, हे उपाशी शेवाळाने आपल्याला १९४९ मध्येच दाखवले होते.

तर सुरुवातीच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच. ओमेगा-३ शाकाहारी की मांसाहारी, हा वादच उरत नाही. ते पेशीत बनते, अन्नसाखळीतून चढते, आणि तुम्ही साखळीच्या कोणत्या पायरीवरून ते घेता एवढाच फरक. पुढच्या वेळी बाजारात तारलीचा वाटा घेताना किंवा दुकानात डीएचएची बाटली उचलताना, त्यामागची ती एक पेशी आठवा. आणि गोळी सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी एकदा बोला.